कुत्र्याचे पथ्य आणि मोहल्ल्याचे पितर

कुत्रा खाजवतो ही काही बातमी नव्हे. पण त्या उन्हाळ्यात आमचा कुत्रा जेवता जेवता थांबून खाजवू लागला, तेव्हा घरात त्याची पहिल्यांदा दखल घेतली गेली. भातावरून तोंड उचलायचे, मागचा पाय कानामागे न्यायचा, पंधरा-वीस झटके मारायचे आणि पुन्हा भात. सत्तरच्या दशकाच्या शेवटाकडची ही गोष्ट. गाव आसगाव, तालुका पवनी. गावाभोवती धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरे, मधून बाजाराचा रस्ता आणि त्या रस्त्यावर वडिलांचे किराणा दुकान. दुकानामागे घर, घरामागे गोठा. घरात आई, वडील आणि आम्ही दोघी बहिणी. गोठ्यात दोन बैल होते आणि फाल्गुनात आणलेली एक दुभती म्हैस. आमच्या भागात धान भरपूर आणि दुभते कमी, त्यामुळे म्हैस आल्यापासून मोहल्ल्यात आईचा भाव वाढला होता.

कुत्रा तांबूस, आखूड केसांचा, गावठी. तो आईचा होता. चार वर्षांपूर्वी तलावाच्या पारीवर धुणे धुताना तो तिला सापडला होता आणि पिळलेल्या लुगड्यांबरोबर टोपलीतून घरी आला होता. वडिलांनी तेव्हा विचारले होते, "धुणं धुवाले गेली होती का कुत्रं आनाले?" त्यानंतर त्यांनी त्याच्याकडे लक्ष दिले नाही. त्यानेही दिले नाही.

शेत गावापासून दीड मैलावर होते. वाट पळसाच्या झुडपांतून जायची. रानडुकरे तिथे नेहमीची, अस्वलही अधूनमधून दिसे. त्या वाटेने बाईमाणसाने एकटीने जाऊ नये, असा गावाचा दंडक होता. सोबत मिळाली तर जायचे, नाही तर घरी राहायचे. कुत्रा मोठा झाला तशी आईने सोबतीची वाट पाहणे सोडले. डोक्यावर न्याहारीची टोपली, पुढे कुत्रा. धुऱ्यावर, म्हणजे बांधीच्या बांधावर, आधी तो चढे, गवत हुंगे, मग ती पाय ठेवी. कुत्रा असणे म्हणजे मनाला येईल तेव्हा घराबाहेर पडता येणे, असा तिचा साधा हिशेब होता. तो तिने कोणाला सांगितला नव्हता.

ज्येष्ठ संपेपर्यंत कुत्र्याचे कान आतून लाल झाले. काखेतले आणि पोटावरचे केस गेले. पुढच्या पंजांच्या बोटांमधली कातडी चाटून चाटून ओली आणि तांबडी झाली. पाठ मात्र धड राहिली. याकडे कोणी लक्ष दिले नाही. लक्ष देण्याऐवजी लोक उपाय सांगू लागले.

पहिला उपाय शेजारच्या काकांचा. ते आमच्या भिंतीला भिंत लागून राहत आणि दिवसातून चार वेळा दुकानाच्या ओट्यावर बसत. त्यांनी करंजाचे तेल सांगितले. ते लावले. कुत्र्याने ते दोन तासांत चाटून काढले आणि रात्री ओकले. मग कडुनिंबाच्या पाल्याचे पाणी. मग जवसाच्या तेलात खललेला गंधक. मग कोणीतरी भात गिरणीच्या इंजिनातले जळके काळे तेल आणून दिले. ते लावल्यावर आठवडाभर आमचा तांबडा कुत्रा काळा होता आणि दुकानात गिरणीचा वास येत होता. शेवटी काकांनी आंबट ताक लावायला सांगितले. तेही लावले. आपल्या अंगावरचे ताक चाटण्यात कुत्र्याने एक आख्खी दुपार आनंदात घालवली. संध्याकाळी तो पुन्हा खाजवत बसला.

बसायची त्याची जागा ठरलेली होती: दुकानाच्या ओट्याची सावली, मिठाच्या पोत्याजवळ. गिऱ्हाईक आधी त्याला पाही, मग वडिलांना.

"सेठ, गूळ देजा. पन आतल्या भेलीचा देजा, भाएरचा नोको."

"काहून? भाएरच्याले काय झालं?"

"त्याले काई नाही झालं जी. जे झालं ते ह्या कुत्र्याले झालं."

असे दोनदा-तीनदा झाले, तेव्हा वडिलांनी कुत्र्याला हाकलायला सुरुवात केली. कुत्रा उठून चार पावले जाई, तिथे बसून खाजवी आणि परत येई. त्याच सुमारास बाजाराच्या दिवशी वडिलांचे थोरले चुलतभाऊ दिघोरीहून आले. त्यांची शेती मोठी, गोठा मोठा, आवाजही मोठा. त्यांनी कुत्र्याकडे पाहिले.

"देऊन टाक गा मले. बांध्याइत डुकरं येऊन राहिले. शेतावर बांधून ठेवतो."

"खाजरा हाय, भाऊ."

"खाजते तं खाजू दे ना. रातभर जागा तं राहीन! निजणारं कुत्रं का कामाचं?"

वडिलांना हा युक्तिवाद पटला. दसऱ्याला भाऊ बंडी, म्हणजे बैलगाडी, घेऊन येतील आणि तोवर कुत्रा बरा झालेला नसेल तर घेऊन जातील, असे ठरले. आई दाराआड उभी होती. नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, भासऱ्यासमोर, बाईने यायचे नाही आणि बोलायचे नाही, ही रीत ती कसोशीने पाळत असे. भाऊ गेल्यावर तिने फक्त एवढेच विचारले, "दसऱ्याले किती दिवस हायेत जी?"

श्रावणात शेजारच्या काकांचा बैल बसला, म्हणून गुरांच्या दवाखान्याचे डॉक्टर गावात आले. तरुण होते, घाटाकडचे होते आणि नुकतेच बदलून आले होते. बैल पाहून झाल्यावर ते चहाला आमच्या ओट्यावर टेकले. आईने कुत्र्याला धरून त्यांच्यासमोर उभे केले. डॉक्टरांनी कप खाली ठेवला, कान उलटे करून पाहिले, काख पाहिली, पंजे फाकवून पाहिले, पाठीवरून हात फिरवला.

"खरूज नाही ही," ते म्हणाले. "पाठ स्वच्छ आहे, कानाच्या कडांना खपल्या नाहीत, घरात कोणाला खाज नाही. याला खाण्यातल्या कशाचे तरी वावडे आहे."

"कुत्र्याले वावडं?" शेजारच्या काकांनी विचारले.

"माणसाला नसते का? कोणाला वांगे चालत नाही, कोणाला मासळी."

"हाव जी. माह्या बायकोले माह्या मायच्या हातचं चालत नाही."

डॉक्टरांनी खिशातून कागद काढला आणि आईला विचारले, "काय खातो हा?"

"भात खाते जी."

"आणखी?"

"आनखी काई नाई."

दुकानातून वडील म्हणाले, "काई नाई? सकारी शिळी भाकर कोन टाकते मंग?"

"भाकर टाकतो थोडी."

"अन् लाखोरीच्या दारीचं वरन?"

"भातावर काई तं पायजे ना जी. कोरडा कसा खाईन?"

मग शेजारच्या काकांनी आपल्या घरून जाणाऱ्या सुकटीच्या डोक्यांची भर घातली. दुकानात येणारी मुले बिस्किटाचा तुकडा टाकत, तोही निघाला. समोरच्या घरून अंड्याची टरफले, गुरुवारी कोणाचा तरी नारळ, भोजनाच्या पंगतीतली बुंदी. डॉक्टरांनी आठ पदार्थांपर्यंत लिहिले आणि पेन खिशात ठेवले.

त्यांनी दिलेले पथ्य असे: सहा आठवडे भात आणि उकडलेले मूग. मीठ नाही, तेल नाही. प्यायला पाणी. बाहेरचे काहीही नाही. फरक पडला तर नंतर एकेक पदार्थ आठवडाभर देऊन पाहायचा. "ज्याने खाज सुटेल तो चोर," ते म्हणाले. रोज किती खाजवतो याची नोंद ठेवा, असेही त्यांनी सांगितले.

"मूग?" डॉक्टर गेल्यावर वडील म्हणाले. "माह्या घरी पाव्हना आला तरी मूग शिजत नाही."

दुसऱ्या दिवशी गोकुळाष्टमीच्या कानोबाचे विसर्जन झाले आणि त्याच संध्याकाळी आईने कुत्र्याच्या मुगासाठी वेगळी मडकी मांडली.

नोंद तिने गोठ्याच्या भिंतीवर ठेवली. तिला लिहिता येत नव्हते. रोज झोपण्यापूर्वी ती गेरूने एक उभी रेघ ओढी. खाज फार तर रेघ वीतभर, कमी तर चार बोटे, अगदीच कमी तर बोटाच्या पेराएवढी. पहिले आठ दिवस वीतभर रेघा निघाल्या. पोळा आला. मोहल्ल्यातून करंज्या आल्या, त्या आम्ही खाल्ल्या आणि कुत्रा दाराशी बांधलेला राहिला. गणपती आले. त्या दिवसांत आई कुत्र्याला सोडतच नसे. शेतावर नेताना दोरी धरून नेई. घरात जे उरे ते आता मोहल्ल्यात जाऊ लागले. विशेषतः दही आणि ताक. खाणारे तोंड एक कमी झाले होते.

तिसऱ्या आठवड्यात रेघा आखूड झाल्या. चौथ्यात पोटावर तांबूस केसांची बारीक लव दिसू लागली, नुकत्या उगवलेल्या धानाच्या पऱ्ह्यासारखी. कान आतून फिके पडले. वडिलांनी कुत्र्याला ओट्यावरून हाकलणे बंद केले. एका दुपारी मिठाचे पोते हलवताना त्यांनी ते कुत्र्याला वळसा घालून ओढले.

आणि मग पितृपक्ष लागला.

आमच्याकडे ज्या घरी पितर जेवायचे असतात, त्या घरी वडे, भाजी, कढी, खीर असा स्वयंपाक होतो आणि घरच्यांनी घास घेण्याआधी तीन पाने काढली जातात: कावळ्याचे, गाईचे आणि कुत्र्याचे. कावळा आणि गाय यांची अडचण नसे. कुत्र्यांची होती. मोहल्ल्यातली बाकीची कुत्री उनाड. पान पुढे येताच झडप घालून ते गटारापर्यंत ओढत नेत आणि तिथे आपसांत भांडत. पितराच्या पानाची अशी दशा कोणाला आवडत नसे. आमचा कुत्रा मात्र पानापुढे बसे, डावीकडून उजवीकडे खात जाई, पान चाटून स्वच्छ करी आणि मग उठे. त्यामुळे गेली तीन वर्षे मोहल्ल्यातल्या आठही घरांचा कुत्र्याचा घास त्याच्याकडे होता. तिथीच्या आदल्या दिवशी आईकडे रीतसर निरोप येई. "उद्या माह्या सासऱ्याची तिथ हाय. कुत्र्याले पाठवजो."

त्या वर्षी पहिला निरोप चतुर्थीला आला. आईने नाही म्हटले.

निरोप आणणारी समोरच्या घरची सून होती. ती घरी गेली आणि पाच मिनिटांत तिची सासू आली.

"काहून वो, आमचं पान खराब हाय का?"

"पान खराब नाई जी मामी. त्याले पथ्य हाय."

"पथ्य हाय तं हाय. एक दिवस खाईन तं मरन का?"

"डाक्तरनं सांगतलं हाय, भात न् मूग. बस."

"म्हंजे तुह्या कुत्र्याच्या खाजेपाई माह्या मानसानं उपाशी राहाचं? वरून पाहून राहिला असन तो!"

ओट्यावर माणसे जमली. शेजारच्या काकांनी तोडगा काढला, की यंदा दुसऱ्या कुत्र्यांना पान द्यावे. तो सर्वांनी फेटाळला, कारण आमचा कुत्रा येण्याआधी एका वर्षी काकांच्याच वडिलांचे पान दुसऱ्या कुत्र्याला गेले होते आणि त्यानंतर काकांच्या विहिरीची मोट तुटली होती. आईने तोडगा काढला, की कुत्र्याच्या पानावरचा भात आणि मूग ती स्वतः शिजवून देईल. तोही फेटाळला गेला. पितराला आपल्याच घरचे धान्य लागते. दुसऱ्याच्या मडक्यातले कसे चालेल?

शेवटी वडील बोलले. ते वजन करत होते आणि गिऱ्हाईक थांबले होते. "आपापल्या घरी वाटीभर भात न् वाटीभर मूग बिनमिठाचे शिजवा. कुत्र्याच्या पानावर तेवढंच वाढा. कावळ्याले वडे द्या, गाईले खीर द्या. पितर तं एकच हाय ना? तिकडून खाईन."

हे शास्त्रात बसते की नाही, ते कोणाला ठाऊक नव्हते. पण कोणाला नाही म्हणता आले नाही. अशा रीतीने कुत्र्याचे पथ्य मोहल्ल्याचे पथ्य झाले. पंचमीला समोरच्या घरी, अष्टमीला कोपऱ्यावर, दशमीला शेजारच्या काकांकडे कुत्रा जेवायला गेला आणि मूगभात खाऊन आला. आई प्रत्येक वेळी दोरी धरून दारात उभी असे. भिंतीवरच्या रेघा पेराएवढ्याच राहिल्या.

सर्वपित्री अमावास्येला उरलेल्या पाच घरांची पाने एकाच दुपारी होती. सकाळपासून त्या पाचही घरच्या बाया वाट्या घेऊन आमच्याकडे येत होत्या. कढीला, वड्यांना दही सर्वांनाच हवे होते आणि मोहल्ल्यात म्हैस एकच होती. आईने सर्वांना दही दिले. दुपारी ती घरच्या स्वयंपाकात अडकली, म्हणून त्या दिवशी कुत्र्याबरोबर ती गेली नाही. ज्याने त्याने येऊन कुत्र्याला नेले आणि आणून सोडले.

रात्री रेघ पेराएवढी होती. दुसऱ्या दिवशी ती चार बोटे झाली. तिसऱ्या दिवशी आईने वीतभर रेघ ओढली आणि गेरूचा खडा जमिनीवर आपटला. कान पुन्हा लाल. पंजे पुन्हा ओले. नवरात्र सुरू झाले होते. दसऱ्याला आठ दिवस उरले होते.

"सहा हप्ते मूग खाल्ले," वडील म्हणाले, "अन् फिरून तेच. बस झालं आता. भाऊ येईन तं घेऊन जाईन."

आई पदर खोचून बाहेर पडली आणि पाच घरांच्या चौकशीला निघाली.

पहिल्या घराने भात आणि मूग सांगितले. दुसऱ्याने तेच सांगितले आणि मडके उचलून दाखवले. तिसऱ्याच्या सुनेने मीठ पडले होते का हे आठवून पाहिले आणि पडले नव्हते अशी शपथ घेतली. चौथे घर एका विधवा काकूंचे होते. पथ्याच्या बाबतीत मोहल्ल्यात सर्वांत काटेकोर त्याच होत्या. आपल्या मुलाने पानाजवळ विडी ओढली म्हणून त्यांनी त्याला हाकलून दिले होते.

"काकू, अमावास्येले पानावर काय काय होतं?"

"भात न् मूग. तू सांगतलं तेच."

"आनखी?"

"आनखी काई नाई."

चुलीजवळून काकूंची सून म्हणाली, "अन् दही?"

काकूंनी तिच्याकडे पाहिले. "दही का भाएरचं हाय? इच्याच घरून आलं ते. कुत्रं आपल्याच घरचं खाईन तं त्यात का पथ्य मोडलं?"

"दही देल्लं?" आईने विचारले.

"वाटीभर. माह्या मालकाचं जेवन दह्याबिगर कधी झालं होतं का वो? कोरडा भात पाहून उठून गेले असते पानावरून. डाक्तरनं भाएरचं नोको म्हनलं, मी भाएरचं कायले देऊ? मी तुह्या घरचंच वाढलं."

काकूंच्या बोलण्यात चूक काढता येण्यासारखे काही नव्हते. आई त्यांच्या ओट्यावर बसली. डॉक्टरांना सांगितलेल्या यादीत सुकट होती, बिस्किटे होती, अंड्याची टरफले होती. ताक नव्हते. तिने ते लपवले नव्हते. ताक हे तिच्या लेखी खाणे नव्हतेच, ते पाण्यासारखे. म्हैस फाल्गुनात आली आणि तेव्हापासून रोज सकाळी ताक घुसळून झाले की पहिला गडवा कुत्र्याच्या मडक्यात जाई. सायीचे बोट तो तिच्या हातून चाटे. पथ्य सुरू झाले त्या दिवशी भात आणि मूग सोडून सारे बंद झाले, त्यात ताकही बंद झाले आणि कोणाच्या ध्यानातही आले नाही.

"मीच देत होती वो काकू," ती म्हणाली. "रोज. आपल्या हातानं."

"देल्लं तं देल्लं," काकू म्हणाल्या. "इख तं नाही ना देल्लं. ऊठ, चहा घे."

वडिलांना हे पटले नाही. ताकाने खाज जाते हे त्यांना माहीत होते. ताकाने खाज येते हे त्यांनी कधी ऐकले नव्हते. आई त्यांना गोठ्यात घेऊन गेली आणि भिंत दाखवली. लांब रेघा, मग आखूड, मग पेराएवढ्या, मग अमावास्या आणि पुन्हा लांब. वडिलांनी कंदिलाशिवाय दिसत नाही म्हणून पुढे वाकून पाहिले. बराच वेळ पाहिले.

"भिंत खराब केली," ते म्हणाले आणि दुकानात गेले.

त्या आठ दिवसांत आई रोज शेतावर गेली. तेव्हा बांधीत कामच नसते. धान निसवलेले असते, पाणी धरलेले असते. जाऊन नुसते पाहायचे. वडिलांनी एकदा विचारले, "रोज कायले जाते?" ती म्हणाली, "पाहून येतो." सकाळी ती आणि कुत्रा पळसांच्या वाटेला लागत आणि उन्हे डोक्यावर आली की परतत. एक दिवस ती दोनदा गेली.

रेघा पुन्हा आखूड होऊ लागल्या होत्या, पण दिवस कमी होते. दसऱ्याच्या सकाळी कुत्र्याचे कान बरे दिसत होते. काखेतली कातडी मात्र अजून लालच होती.

भाऊ दुपारी आले. बंडीत त्यांनी कुत्र्यासाठी धानाची तणीस अंथरली होती आणि नवे दावे आणले होते. वडिलांना सोने देऊन ते ओट्यावर बसले. चहा झाला. कुत्रा पोत्याजवळ होता. भाऊंनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिले, तेवढ्यात त्याने कान खाजवला.

"हाय ना अजून!" भाऊ खुशीने म्हणाले. "चला मंग. बांध गा त्याले."

दाराआडून आईचा आवाज आला. तो वडिलांना उद्देशून होता, पण रस्त्यापर्यंत ऐकू जाईल इतका मोठा होता. "सांगा जी भासऱ्याइले, त्याले ताक देऊ नोका म्हना."

वडील भाऊंकडे वळले. "ताक देऊ नोका म्हनते."

"आयकलं. काहून?"

वडील दाराकडे वळले. "काहून म्हनतेत."

"खाज सुटते."

"खाज सुटते म्हनते."

भाऊ हसले. "अरे, आमच्या घरी सात म्हशी! मानसं, कोंबडे, कुत्रे, सारे ताकावरच वाढले. शेतावर शिदोरी जाते ते बी ताकात कालवूनच. कोन वेगरं काढन?"

"दही बी नाई," दार म्हणाले. "दूध बी नाई. खरवस बी नाई."

वडिलांनी हे तिन्ही क्रमाने सांगितले.

"मंग खाते का हा?"

"भात. न् मूग."

"मूग?" भाऊंनी कप खाली ठेवला. "माह्या बापाले पथ्य होतं मुगाचं, तं त्याले बी कोनी शिजवून नाही देल्ले. कुत्र्याले कोन देईन?"

"मीठ नाई. तेल बी नाई."

मीठ आणि तेल यांचे पथ्य सहा आठवड्यांपुरते होते. ते आठवडे संपले होते आणि आईला ते माहीत होते. वडिलांनाही माहीत होते. ते क्षणभर दाराकडे पाहत राहिले.

"मीठ नाही म्हनते, तेल नाही म्हनते," त्यांनी भाऊंना सांगितले. मग कोणी न विचारता, कोणी न सांगता, त्यांनी स्वतःच्या मनाने पुढे जोडले, "अन् दुसऱ्याच्या घरचं तं शिवूच द्याचं नाही, भाऊ. डाक्तरनं ताकीद देल्ली हाय."

भाऊ आळीपाळीने वडिलांकडे, दाराकडे आणि कुत्र्याकडे पाहत राहिले.

"हा कुत्रा हाय का जवाई हाय गा?"

भाऊ उठले. त्यांनी धोतर झटकले आणि आपल्याला डुकरांसाठी साधे कुत्रे पाहिजे होते, असे दोनदा सांगितले. वडिलांनी त्यांच्या म्हणण्याला मान दिला. थोरला माणूस सणाच्या दिवशी रिकामा कसा पाठवायचा, म्हणून मांडवावरचे दोन मोठे कोहळे काढून आणले आणि बंडीतल्या तणसीवर, कुत्र्यासाठी केलेल्या जागेत, शेजारी शेजारी ठेवले. वाटेत घरंगळू नयेत म्हणून भाऊंनी नव्या दाव्याने ते बांधले.

बंडी वळवताना त्यांनी ओरडून विचारले, "ह्या कोहळ्याइले तं कशाचं वावडं नाही ना गा?"

दाराआड आई मोठ्याने हसली. भासऱ्याला ऐकू जाईल असे हसायचे नसते. भाऊंनी ऐकले आणि बैलांना हाक दिली.